उसातून जाताना बोलत जायचं

आमच्या चर्चच्या मंडळीच्या पाळकांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की शांतवननं गोष्ट घोळवून सांगितली. दर रविवारी पांढरा झगा घालून आम्हाला खरं बोलायला सांगणारा हा माणूस माझ्याशी धडधडीत खोटं बोलला आणि मला तीन दिवस आंबेगाव-जुन्नरकडं धाडून मोकळा झाला.

फसला तो कोण, तेही ऐका. मी पुण्यात जुन्या दारं-खिडक्यांचा व्यापार करतो. पाडलेल्या घरांचं लाकूड विकत घेतो, साफ करतो, पुन्हा विकतो. पंधराव्या वर्षी नगरकडून अंगावरच्या कपड्यांनिशी आलो, वखारीत भुशावर झोपलो आणि आज ती वखार माझी आहे. लाकडावर बोटाचं पेर वाजवून आतून ते पोखरलंय का हे मी डोळे मिटून सांगतो. माणसांचंही मला तसंच कळतं, असा माझा समज होता.

पाळक मला गाठायला आले ते चर्चमधल्या मागच्या बाकापाशी. दोन वर्षं मी तिथंच बसतो. माझी बायको कुमुद गेल्यापासून. शेवटचं गीत सुरू झालं की मी उठतो, प्रभुभोजनाच्या रविवारी तर त्याच्याही आधी. पाळक म्हणाले, "शांतवनराव, कळंबजवळ एक जुना मिशन बंगला आहे. आठ सागवानी दारं आहेत म्हणे. मालकीण म्हातारी आहे, काढून टाकायची म्हणते. पण घाई करू नका, दोन-तीन दिवस काढून जा."

पाळकांना लाकडातलं ओ की ठो कळत नाही. म्हणूनच मी विश्वास ठेवला. जो ज्या मालातला नाही तो त्या मालाबद्दल खोटं बोलत नाही, हा माझा आजवरचा अनुभव.

कळंब, पहिला दिवस

ख्रिसमस अजून तीन आठवड्यांवर होता. पिकअपमध्ये दोर, गोणपाट, मोजपट्टी आणि खडू टाकून मी पहाटे निघालो. मंचरच्या अलीकडं अवसरी खुर्दच्या फाट्यावर चहाला थांबलो. कॉलेजची पोरंपोरी स्वेटरच्या बाह्या तळहातापर्यंत ओढून उभी होती आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. एकालाही घाई नव्हती. मला होती.

कळंबला महामार्ग सोडला आणि धुक्यात शिरलो. धुकं म्हणजे कसं, घोड नदीचं पाणीच उठून शेतात फिरायला आलंय असं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, त्याचे तुरे वर तरंगताहेत आणि बुडखे दिसतच नाहीत. मी काच खाली केली. ओल्या पाचटाचा आणि कुठंतरी उकळणाऱ्या गुळाचा वास आत आला. गाडी आपोआप हळू झाली.

पत्ता एका वस्तीचा निघाला. कौलारू घर, ओसरीला जमिनीपासून आढ्यापर्यंत लोखंडी जाळी. जाळीच्या आत पांढऱ्या पातळावर तपकिरी स्वेटर घातलेली एक म्हातारी मेथी निवडत होती. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"सलाम बाई. मी शांतवन, पुण्याहून. दारांसाठी आलोय."

"ये. हात धू."

"आधी दारं बघतो."

"कसली दारं?"

"बंगल्याची. आठ सागवानी."

तिनं मेथीच्या जुडीनंच कोपऱ्याकडं खूण केली. तिथं एक दगडी जोतं होतं आणि जोत्यावर मेथीचा हिरवागार वाफा. "त्यो बंगला पडून चाळीस वर्सं झाली. दोन दारं किसननानाच्या गोठ्याला गेली. बाकीची आमी जाळली. लई ग्वाड जळायची बघ. चहा असा फक्कड व्हायचा त्येच्यावर!"

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पाळकांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मासवडीत मासा नसतो हे मला ठाऊक आहे, पण पाळकाच्या शब्दात खरंसुद्धा नसावं? मी गाडीच्या चाकाला लाथ घातली आणि माझाच अंगठा दुखावला. म्हातारी मेथी निवडत होती. एक पान खराब निघालं, ते तिनं बाजूला ठेवलं.

"झाला राग?" ती म्हणाली. "आता तरी हात धू."

तिचं नाव रत्नमाला, पण सगळा गाव तिला सिष्टरबाई म्हणतो. चाळीस वर्षं ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. दवाखाना बंद झाला, ती राहिली. आसपासच्या निम्म्या लोकांची नाळ तिनं कापली आहे. पाटावर बसता बसता तिनं माझं मनगट धरलं, दुसऱ्या हातातलं जुनं घड्याळ बघत नाडी मोजली आणि विचारलं, "झोप लागते?"

"लागते."

"भूक?"

"लागते की."

"रडतोस?"

"मी कशाला रडू?"

"तिन्ही खोटं," ती म्हणाली आणि मनगट सोडलं.

मी तिला सांगितलं की चहा घेऊन निघतो. ती म्हणाली, तीन दिवस ऱ्हा. मी म्हणालो, तासभर. ती म्हणाली, तीन दिवस. मी म्हणालो, बरं, मुक्काम एक. ती म्हणाली, तीन. आयुष्यभर मी भाव पाडत आलो, पण भावही उतरवत नाही आणि गिऱ्हाईकही सोडत नाही असा विक्रेता मी पहिल्यांदाच पाहिला. तेवढ्यात चुलीवरून रश्शाचा वास आला. तीळ, खोबरं, लसूण, शिजलेल्या बेसनाची वळकटी. मासवडीच. माझ्या पोटात कळ उठली आणि ती कळ भुकेची आहे हे ओळखायला मला थोडा वेळ लागला, कारण तिची माझी गाठ फार दिवसांत पडली नव्हती. मी चार भाकरी खाल्ल्या.

दुपार कलती झाली तेव्हा पहिल्यांदा ते ऐकलं. उसाच्या आतून एका बाईचा आवाज येत होता. "...मग त्येच्यात तिखट घालायचं, मीठ घालायचं, मग झाकण ठेवायचं..." कोणाशी बोलते म्हणून मी पाहिलं, तर उसातल्या पाऊलवाटेनं एक बाई एकटीच बाहेर आली, डोक्यावर गवताचा भारा. बाहेर येताच गप्प झाली आणि निघून गेली. तिच्या मागोमाग सतराचा पाढा आला. त्या पाढ्यातून दोन शाळकरी मुली निघाल्या.

सिष्टरबाईचा शेजारी किसननाना दूध-दुभत्याचा शेतकरी. पागोट्याच्या जागी मफलर गुंडाळलेला. तो हसला. "पावणं, ह्यो बिबट्याचा मुलूख हाय. उसातच व्यातो, उसातच ऱ्हातो. मुकाट चाललं आन् आचानक म्होरं आलं की बिथारतो. म्हनून उसातनं जाताना बोलत जायचं. काय बी बोला, पर तोंड थांबू द्यायचं न्हाई."

"आणि काही सुचलं नाही तर?"

"मानसाला काय बी सुचत न्हाई आसं व्हतं व्हय राव?"

आणखी एक गोष्ट मी पाहिली. कोणी उसात शिरलं की घरचं कोणीतरी बांधावर येऊन उभं राहतं. हाक मारत नाही, काही करत नाही. नुसता कान लावून असतं. आवाज वाटेच्या या टोकाला बाहेर पडला की आपल्या कामाला लागतं. गेल्या वर्षी पलीकडच्या वस्तीवर वाईट घडलं, त्याबद्दल कोणी जास्त बोललं नाही. पुण्यात माझ्या दाराला तीन कुलपं आहेत, आणि जिन्यात शेजारी भेटला तर आम्ही दोघं मोबाइलमध्ये बघतो.

जुन्नर, दुसरा दिवस

उजाडायच्या सुमारास सिष्टरबाईनं मला उठवलं. जाळी उघडून अंगणात दोन पाट मांडले होते आणि दोन कप चहा. समोर मेथीचं जोतं, त्याच्यापुढं धुकं. मी विचारलं, "प्रार्थना करायची?"

"न्हाई. बसायचं."

"बसून काय करायचं?"

"काय बी न्हाई. त्येच तुला जमत न्हाई."

मी बसलो. सुरुवातीला डोक्यात वखार चालू होती, कोणता माल कुठं पडलाय वगैरे. मग एक बगळा आला, धुक्यातून चालत, जणू ओल्या कपड्यातून पाय काढत. चहावर साय धरली. लांब कुठंतरी मोटार सुरू झाली, विहिरीचं पाणी उसाच्या पाटात आलं आणि पाटाला आवाज फुटला. ऊन आलं ते आधी उसाच्या तुऱ्यांवर, मग आमच्या पायांवर. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. सिष्टरबाईचे ओठ हलत नव्हते, डोळे उघडे होते.

"ह्येच करते मी रोज," ती म्हणाली. "दवाखान्यात होते तवा लोकांना सांगायचे, बाळंतिणीला आधी खायला घाला, मग लेकरू बघा. सोताला मात्र कदी घातलं न्हाई. एक दिस चक्कर येऊन पडले. तवापासनं पयला चहा माझा आन् प्रभूचा. त्यो बी बोलत न्हाई, मी बी बोलत न्हाई. जखमेला जशी हवा लागू द्यावी लागते, तसं हाय ह्ये."

चहा झाल्यावर ती पिकअपमध्ये चढून बसली. "तुला दारं बघायची व्हती न्हवं? चल, जुन्नरला."

नारायणगावच्या अलीकडं टोमॅटोचे मळे, मग द्राक्षांचे मांडव. शिवनेरी आधी ढगासारखा दिसला, मग दगडासारखा. जुन्नर गावात ती उतरली. एका दुकानातून चष्म्याची काडी बसवून घेतली. दुकानदारानं काडीचे पैसे घेतले नाहीत. "मला तुमीच तर बाहेर काढलं," तो म्हणाला. त्याला काय म्हणायचंय ते कळायला मला क्षणभर लागलं.

गावाबाहेरच्या डोंगरात लेणी आहेत. जुन्नरच्या डोंगरांत ती इतकी आहेत की इथल्या लोकांना त्यांचं काही वाटत नाही, शेळ्या उन्हाच्या वेळी आत बसतात. सिष्टरबाई खाली करंजाच्या सावलीत थांबली. "मला गुडघे न्हाईत. तू जाऊन ये."

वर कोणी नव्हतं. भिक्षूंच्या खोल्या ओळीनं कोरलेल्या, प्रत्येकीत झोपायला दगडाचा ओटा. आणि प्रत्येक खोलीला चौकट. मी चौकटींचा माणूस, पहिल्यांदा तेच बघितलं. छिन्नीनं काटकोन असा काढलेला की आजचा सुतार लाजेल. दार फिरावं म्हणून वर आणि खाली वाटोळी भोकं कोरलेली. दारं मात्र एकही नाही. लाकूड कधीच गेलं, ऊन-पावसात, शेळ्यांत, चुलींत. मी एका भोकात बोट घातलं. आतला दगड गुळगुळीत होता. रोज उघड-मीट होऊन होऊन झिजलेला. इथं कोणीतरी रोज सकाळी दार उघडत होतं, रोज संध्याकाळी लावत होतं, त्याचा एवढाच पुरावा राहिलाय, एका बोटाएवढा.

मी आत ओट्यावर बसलो. दार नसलेल्या चौकटीतून खाली जुन्नर दिसत होतं, मळे, धूर, पत्र्यांवरचं ऊन, सगळं पाण्याखालचं असल्यासारखं. मला वखारीतलं एक दार आठवलं. ताडपत्रीखाली, मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं. ते मंडळीत कोणालाच माहीत नाही. पाळकांनाही नाही. मी चटकन उठलो आणि खाली आलो.

"दिसली दारं?" सिष्टरबाईनं विचारलं.

"नाही."

"मग पुण्याला जाऊन सांग, बाईनं बी फसवलं म्हणून."

उसातली वाट

परत येईपर्यंत दिवस मावळतीला लागला. सिष्टरबाईनं माझ्या हातात किटली दिली. दूध किसननानाकडून आणायचं, वाट उसातून. "बोलत जा," ती म्हणाली आणि बांधावर जाऊन उभी राहिली.

जाताना सोपं गेलं. मी लाकडांची नावं घेतली. साग, शिसव, ऐन, हेद, आंबा, बाभूळ. प्रत्येकाचा दोष सांगितला, प्रत्येकाचा गुण. ऊस दोन्हीकडून डोक्याच्या वर, पाती गालाला लागत होती, वरती आभाळाची एक अरुंद पट्टी, पिवळी. मला मजाच वाटली. पलीकडच्या बांधावर किसननाना हसत उभा. "पावणं तर लाकूडतोडेच निघाले की! भरा किटली." मी किटली भरून घेतली आणि परत वाटेला लागलो.

येताना लाकडं संपली. वखारीतल्या गड्यांची नावं घेतली, ती संपली. पाढे बाराच्या पुढं येत नव्हते. पट्टी पिवळीची राखाडी झाली होती. मी थांबलो आणि माझ्या गप्प होण्याबरोबर ऊसही गप्प झाला. मग उजव्या हाताला, अगदी जवळ, पाचट वाजलं. एकदा.

काहीतरी बोलायला हवं होतं आणि तोंडातून आलं ते असं:

"कुमुद, दूध सांडतंय गं."

खरंच सांडत होतं, किटली तिरपी झाली होती. दोन वर्षांत मी तिचं नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं. एकदा घेतल्यावर मला थांबता येईना. थांबायचंही नव्हतं, इथला नियमच तो. मी तिला सांगितलं की तुझ्या साड्या अजून तशाच आहेत. सांगितलं की मला वरण करता येत नाही. सांगितलं की तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी देवाशी सौदा केला होता. हिला उठव, मी चर्चला असं दार करून देतो की लोक नगरहून बघायला येतील. आणि मी आगाऊ माल तयार केला, कुमुद! चांगल्यात चांगला साग काढला, द्राक्षांची वेल कोरून घेतली. मी माझी बाजू पाळली!

मग मी त्याच्याशी बोललो. पाळकांच्या देवाशी, माझ्याही. ओरडलोच म्हणा ना. तू माल तयार करून घेतलास आणि शब्द मोडलास. माझ्या धंद्यात असं करणाऱ्याला बाजारात उभं करत नाहीत. दोन वर्षं मी मागच्या बाकावर बसून तुझ्याकडं बघतोय, एकदा तरी उत्तर दे. आणि उसात काहीच हललं नाही, आणि मी चालत राहिलो, आणि मग जे मी स्वतःलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं ते त्या अंधूक वाटेत बाहेर पडलं. त्या दिवशी कुमुदनं मला बोलावणं पाठवलं होतं. लवकर या म्हणून. मी सुताराकडं होतो. त्यानं पितळी बिजागऱ्यांऐवजी लोखंडी लावल्या होत्या आणि मी त्याच्याशी भांडत होतो. भांडण जिंकल्याशिवाय मी निघालो नाही. जिंकलो. दवाखान्यात पोचलो तेव्हा तिच्या तोंडावर चादर होती.

"तू बोलावलं होतंस," मी म्हणालो. "मी बिजागऱ्यांवर भांडत होतो."

त्यानंतर मी जे बोललो ते भाषेत बसत नाही. रडणारा माणूस बोलतो तसं. शेवटी शेवटी एवढंच आठवतं की मी म्हणत होतो, बापा, मला आता भाव करता येत नाही. तुझ्याकडं काय आहे ते दे, मी घासाघीस करणार नाही. हे मी पुन्हा पुन्हा म्हणालो, पायाखालचं न बघता, आणि पाटात पाय घसरून गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो, तरी म्हणत राहिलो.

ऊस संपला. बांधावर सिष्टरबाई उभी होती, हातात बॅटरी, न पेटवलेली. पुढच्या दोन-चार मिनिटांत किसननाना सायकलवरून रस्त्यानं फेरा घालून आला. माझा आवाज आधी थांबला आणि मग चढला म्हणून तो काळजीनं निघाला होता. म्हणजे दोघांनीही ऐकलं. सगळं.

सिष्टरबाईनं किटली घेतली, आत डोकावली. निम्मं दूध उरलं होतं. "चहापुरतं हाय," ती म्हणाली. मग घराकडं चालता चालता, मागं न बघता म्हणाली, "आवाज येत व्हता. म्हनून मला घोर नव्हता."

एवढंच. नाडीसुद्धा बघितली नाही.

किसननाना मात्र गप्प बसणारातला नव्हता. "पावणं, लई जोरात बोलता राव तुमी. बिबट्या पार नारायणगावला पोचला आसल."

मी हसलो. नाकातोंडातून पाणी वाहत असताना हसलो, आणि त्या रात्री जेवून जो आडवा झालो तो सकाळीच उठलो.

निघताना, तिसरा दिवस

सकाळी पुन्हा दोन पाट. धुकं होतं, बगळा होता. या वेळी मी विचारलं नाही काय करायचं. काही करायचं नव्हतं. पूर्वेला लोणी गावाकडच्या कोरड्या माळावरून ऊन यायला उशीर लागत होता, आणि तो उशीर मला आवडत होता. मी कितीतरी वेळ माझ्या उजव्या हाताकडं बघत होतो. काल याच हाताचं बोट त्या दगडाच्या भोकात होतं.

"बाई," मी म्हणालो, "राग गेला नाही माझा."

"येकदम जाऊ दिऊ नगंस. तुझा जुना गडी हाय त्यो. पर त्येला दुकानाच्या गल्ल्यावर बसवू नगंस."

पिकअपमध्ये दोर, गोणपाट, मोजपट्टी, खडू तसंच पडलं होतं. किसननानानं उसाची एक मोळी टाकली, सिष्टरबाईनं गुळाची ढेप आणि मेथी. मी पैसे काढायला खिशात हात घातला तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की हात तसाच बाहेर आला.

निघताना मी विचारलंच. "पाळक माझ्याशी खोटं बोलले. तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्याच सांगण्यावरनं बोलला," ती म्हणाली, काही विशेष नसल्यासारखी. "आमची मिशनातली जुनी वळख. तुझी बायको गेली तवाच त्याचा फोन आला व्हता. म्हणला, बाई, आमच्याकडं एक माणूस आतल्या आत कुजतोय, काय करू? म्या म्हणले, माझ्याकडं धाड. म्हणला, त्यो येणारातला न्हाई, प्रार्थनेला जा म्हणलं तर मलाच हाकलील. म्या म्हणले, मग दारं हायेत म्हणून सांग. म्हणला, बाई, मी पाळक हाय, खोटं कसं बोलू? लई तळमळला. दर दोन-तीन महिन्यांनी फोन करायचा. म्हणायचा, आजून धीर व्हत न्हाई. ह्या महिन्यात झाला त्येला धीर."

मी गाडी सुरू केली आणि बराच वेळ तशीच उभी ठेवली.

आता पुण्यात येऊन आठ दिवस झाले. सकाळचा पहिला चहा मी गॅलरीत घेतो, समोरच्या इमारतीकडं बघत. तिथं बगळा नाही, एक पारवा आहे, चालतो. कुमुदचं नाव मी रोज मोठ्यानं घेतो. शेजाऱ्यांना काय वाटतं ते वाटो. वखारीत परवा गड्यावर ओरडलो, मग मोळीतला एक ऊस त्याला दिला. दारावरची ताडपत्री काढली आहे. वेलीच्या पानांत धूळ बसली होती, ती ब्रशानं काढली. ते दार कुठं जाणार हे अजून ठरवलं नाही. सौदा म्हणून तर ते कुठंच जाणार नाही.

पण पाळकसाहेब, तुमचं काय?

तुम्ही अजून माझा फोन उचललेला नाही. म्हणून हे लिहून काढलं आणि पहिली प्रत तुमच्याकडं धाडतोय. येत्या रविवारी मी येतोय आणि मागच्या बाकावर बसणार नाही. सगळ्या मंडळीसमोर उभं राहून मला एका गोष्टीचं उत्तर द्या. खोटं बोललात त्याचं नाही, ते प्रभू आणि तुम्ही बघून घ्या. माझ्या धंद्यात तेवढं खोटं चहा गार व्हायच्या आत बोलून होतं. तुम्हाला मी कुजताना दिसत होतो. औषध कुठं आहे हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही दोन वर्षं स्वतःची जीभ स्वच्छ ठेवत बसलात आणि मी मागच्या बाकावर बसून राहिलो. मला फसवायला इतका उशीर का केलात? उत्तर द्या.